रिव्हर्स हॉर्नची वायर कापण्याआधी हे वाचा

आमच्याकडून गाडीला बॅक कॅमेरा, सेन्सर आणि गाडी मागे घेताना वाजणारा रिव्हर्स हॉर्न बसवून घेतलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, कारण एकच फोन परत परत येतो. "स्क्रीन काळी पडलीय, सेन्सरपण गेला, माल खराब निघाला तुमचा." आमचा माणूस जातो, डॅशबोर्ड उघडतो, एकेक जॉइंट तपासत मागे पोचतो आणि बंपरखाली हॉर्नची वायर कापलेली सापडते. रात्रीच्या डिलिव्हरीला आवाज नको म्हणून कोणीतरी पक्कड चालवलेली असते आणि टोक तसंच उघडं लोंबत असतं. गाडी हादरली की ते टोक चेसिसला टेकतं, रिव्हर्स लाइनचा, म्हणजे रिव्हर्स गिअर टाकल्यावर करंट येणाऱ्या वायरचा, फ्यूज उडतो, आणि रिव्हर्स लाइट, सेन्सर, कॅमेऱ्याचा सिग्नल सगळं त्याच लाइनवर असल्यामुळे एका फटक्यात सगळंच बंद. अर्धा दिवस गाडी उभी. काहीजण मग जास्त अँपिअरचा फ्यूज घालून बघतात, ते तर अजिबात करू नका, फ्यूज टिकतो आणि वायर जळते.

"मग स्विच लावून द्या ना हॉर्नला," असं निम्मे लोक म्हणतात. आम्ही लावत नाही, आणि यावरून काही गिऱ्हाईकं नाराज होऊन गेलीयत हेही खरंय. पण रात्री बंद केलेला स्विच सकाळी चालू करायचा राहतोच, आणि काचा बंद, इंजिन चालू अशा केबिनमध्ये ड्रायव्हरच्या ते लक्षातही येत नाही. कॅमेरा आणि सेन्सर ड्रायव्हरला सांगतात, मागे वाकून खोके उचलणाऱ्या माणसाला सांगणारा फक्त हॉर्न असतो. तोच बंद करायची सोय आपल्या हाताने करून द्यायला मन होत नाही.

रात्रीचा त्रास मात्र खरा आहे, त्याला दुसरा उपाय आहे. टीं-टीं वाजणाऱ्या हॉर्नचा सूर एकच असतो, तो भिंतींवर आपटून घुमतो, लांबपर्यंत जातो आणि नेमका कुठून येतोय तेच कळत नाही. दुसऱ्या प्रकारचा हॉर्न खस्स-खस्स वाजतो, त्यात एकदम बऱ्याच फ्रिक्वेन्सी असतात, त्यामुळे कानाला दिशा लगेच कळते आणि गाडीपासून लांब गेलं की आवाज पटकन विरतो. आजूबाजूचा गोंगाट ऐकून स्वतःच आवाज कमी-जास्त करणारेही हॉर्न मिळतात. महाग पडतात, पण रात्री वस्तीत माल उतरवणाऱ्यांना आम्ही हेच सुचवतो आणि जुन्या हॉर्नच्या जागीच बसवून देतो.

आता सेन्सरचं. साधा अल्ट्रासॉनिक सेन्सर, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने अंतर मोजणारा, साधारण 2 ते 2.5 मीटरपर्यंत बघतो. ताशी 5 किमी वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 1.4 मीटर मागे येते, आणि बीप ऐकून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक-दीड सेकंद तरी जातोच, म्हणजे जागा किती उरली ते तुम्हीच बघा. ताशी 10 ला तर विषयच संपला, म्हणून माणूस सावकाश चालतो त्याहून जास्त वेगाने मागे घेऊच नका. शिवाय बारीक सळई त्याला बऱ्याचदा दिसत नाही, वरचं छत दिसत नाही, मागचा खड्डा किंवा माल उतरवायच्या धक्क्याची कड तर नाहीच. तिथे उतरून बघणं किंवा क्लीनरला उभं करणं आलंच, आणि क्लीनर आरशात दिसेनासा झाला की गाडी जागेवर थांबवायची, तो परत दिसेपर्यंत हलवायची नाही.

कॅमेऱ्याची काच रोज ओल्या फडक्याने पुसा, चिखल वाळलेला असेल तर खरवडू नका. धुताना प्रेशरचा पाइप कनेक्टरवर जवळून मारू नका. स्क्रीनच्या सेटिंगमध्ये चित्र उलटं करायचं बटण असतं, ते चुकून दाबलं की डावं-उजवं बदलतं आणि स्टीअरिंग भलतीकडे फिरतं, तेव्हा पोरांना त्याच्याशी खेळू देऊ नका.

फोन करताना गाडी 12 व्होल्टची की 24 व्होल्टची आणि मागे टेल लिफ्ट (माल चढवा-उतरवायची फळी) आहे का एवढं सांगा, कारण लिफ्ट असेल तर सेन्सरची जागा बदलावी लागते, नाहीतर तो लिफ्टलाच अडथळा समजून वाजत राहतो. आणि वायर आधीच कापलेली असेल तर तेही सरळ सांगा, कोणी रागावणार नाही, आमचा माणूस आधी बंपरखाली बघेल आणि तुमची गाडी लवकर सुटेल.