‘शेक्सपिअर वाला’मधली ती मुलगी जेनिफर नव्हे

शशी कपूरची आठवण निघाली की एक कृष्णधवल छायाचित्र हमखास फिरतं. तरुण, देखणा शशी आणि शेजारी मोठ्या डोळ्यांची गोरी मुलगी. खाली ओळ असते, ‘शशी आणि जेनिफर, पडद्यावर आणि आयुष्यातही’. दर वेळी जीव कळवळतो. ती मुलगी फेलिसिटी केंडल आहे. जेनिफरची धाकटी बहीण, म्हणजे शशीची मेहुणी.

जेनिफर आपल्याला ठाऊक आहे. 1958 साली शशीशी लग्न, 1978 साली जुहूला उभं राहिलेलं पृथ्वी थिएटर, ‘36 चौरंगी लेन’ या चित्रपटातली व्हायोलेट स्टोनहॅम आणि 1984 साली कर्करोगाने अकाली जाणं. तिच्याबद्दल इथे आणखी सांगायची गरज नाही.

घोटाळा होतो तो 1965 च्या ‘शेक्सपिअर वाला’मुळे. जेफ्री केंडल आणि लॉरा या जोडप्याची ‘शेक्सपिअराना’ ही नाटक कंपनी भारतभर गावोगावच्या शाळांत, संस्थानांत शेक्सपिअरचे खेळ करत हिंडायची. तिच्याच अनुभवांवर जेम्स आयव्हरीने हा चित्रपट बेतला. आईबाप खुद्द जेफ्री आणि लॉरा, मुलगी लिझी आणि तिच्यावर जीव जडलेला संजू म्हणजे शशी. खऱ्या आयुष्यात केंडलांच्या मुलीने शशीशी लग्न केलं होतंच, त्यामुळे ही त्यांचीच प्रेमकहाणी असं लोक धरून चालतात. पण चित्रपट आला तेव्हा त्या लग्नाला सात वर्षं उलटली होती, घरात दोन मुलगे होते. लिझी झाली ती जेमतेम अठराची फेलिसिटी. जेनिफर त्यात आहे, पण एका छोट्या भूमिकेत. शशीसमोर ती नायिका झाली ती 1970 च्या ‘बॉम्बे टॉकी’त. दिग्दर्शक तोच, नायक तोच, बहीण मात्र दुसरी. आठवणींची सरमिसळ होते ती इथेच.

आणि कथेकडेही जरा नीट बघा. ऑथेल्लोचा खेळ रंगात आलेला असताना सिनेनटी मंजुळा उशिरा येते आणि सगळ्या माना रंगमंचाकडून तिच्याकडे वळतात. शेक्सपिअरचे दिवस भरले, हे त्या एका प्रसंगात कळतं. शेवटी लिझी संजूला सोडून बोटीने इंग्लंडला निघते. जेनिफरच्या बाबतीत घडलं ते नेमकं उलट, ती इथलीच झाली. बोट धरली ती फेलिसिटीने.

तिथे तिने जे कमावलं ते ‘शशीची मेहुणी’ एवढ्या दोन शब्दांत गुंडाळणं मला अजिबात पटत नाही. नऊ महिन्यांची असताना ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधलं तान्हं मूल म्हणून ती पहिल्यांदा रंगमंचावर गेली, म्हणजे तिची शाळा आईबापांची कंपनीच. 1975 साली बीबीसीवर ‘द गुड लाइफ’ सुरू झालं आणि बार्बरा गुड म्हणून ती इंग्लंडमधल्या घराघरांत पोचली. नवरा टॉम चाळिशीत नोकरी सोडतो आणि दोघं सर्बिटनसारख्या टापटीप उपनगरात परसबाग खणून भाजी लावतात, डुकरं-कोंबड्या पाळतात. चिखलाचे बूट, जुना स्वेटर आणि तो किंचित घोगरा, हसरा आवाज. ‘गोड’ म्हणून त्या कामाची बोळवण करणाऱ्यांनी तिचं टायमिंग एकदा लक्ष देऊन पाहावं.

रंगभूमीवरची फेलिसिटी मला त्याहून मोठी वाटते. 1979 साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ‘अमेडियस’ हे नाटक पहिल्यांदा झालं तेव्हा संगीतकार मोझार्टची बायको कॉन्स्टान्झ तीच होती. ब्रिटिश नाटककार टॉम स्टॉपर्डच्या नाटकांत तर ती पुन्हा पुन्हा दिसते. 1982 चं ‘द रिअल थिंग’, 1988 चं ‘हॅपगुड’, 1993 चं ‘आर्केडिया’.

मग 1995 चं ‘इंडियन इंक’. 1930 साली भारतात आलेली इंग्रज कवयित्री फ्लोरा क्रू आणि तिचं चित्र काढणारा नीरद दास यांची ही गोष्ट. हीच फ्लोरा फेलिसिटीने 1991 साली रेडिओवर आधी केली होती. स्टॉपर्डने हे नाटक लॉरा केंडलच्या स्मृतीला अर्पण केलं आहे.