मॅनर हाऊसची शैली नेमकी किती जुनी?

ओक लाकडाने मढवलेल्या भिंती, दगडी शेकोटी, फुलाफुलांच्या चिटाने (छापील सुती कापडाने) मढवलेले सोफे. इंग्लंडच्या ‘मॅनर हाऊस’ म्हणजे जमीनदाराच्या वाड्याच्या शैलीत घर सजवून द्या म्हटलं की आज हेच मिळतं. हे रूप कित्येक शतकांचं वाटतं, पण त्याचा सध्याचा साचा जेमतेम नव्वद वर्षांचा आहे.

मध्ययुगीन मॅनर हाऊस म्हणजे मुळात एक भलं मोठं दालन. मालक, नोकर, पाहुणे तिथेच जेवत. भिंतींना लाकूड लावायचं ते थंडी अडवायला. काच महाग असताना बेस ऑफ हार्डविक या धनाढ्य उमराव स्त्रीने १५९० ते १५९७ या काळात हार्डविक हॉल बांधला आणि भिंतींपेक्षा खिडक्याच जास्त ठेवल्या. ते उघडउघड वैभवाचं प्रदर्शन होतं.

भिंतीपासून खुर्चीपर्यंत सगळं एकाच माणसाने आखायचं, हा विचार रुजला अठराव्या शतकात. हॉटन हॉल या हवेलीत वास्तुशिल्पी विल्यम केंटने तो अमलात आणला. इटलीहून १७५८ मध्ये परतलेल्या वास्तुशिल्पी रॉबर्ट ॲडमने तो टोकाला नेला. साल्ट्रम या हवेलीतल्या त्याच्या दिवाणखान्यात छताची नक्षी गालिच्यात उतरलेली दिसते. या थाटामागचा पैसा कुठला, हेही सांगायलाच हवं. नामांकित फर्निचर कारागीर चिपेंडेलने ज्याचं फर्निचर केलं तो हेअरवुड हाऊस उभा राहिला वेस्ट इंडीजमधली साखर आणि गुलामांचे श्रम यांतून आलेल्या पैशावर.

आणि ते चीट आपल्याकडचं! कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कारागिरांनी फिटकरी वापरून पक्के केलेले रंग धुतले तरी उतरत नसत. विलायती विणकर इतके हवालदिल झाले की १७२१ च्या कायद्याने असं कापड अंगावर घालण्यावर आणि घरात वापरण्यावरही बंदी आली. ती १७७४ मध्ये उठली. तरी पुढच्याच वर्षी नट डेव्हिड गॅरिक यांच्या पत्नीच्या पलंगासाठी आलेलं मच्छलीपट्टणमचं कापड जकातवाल्यांनी जप्त केलं, कारण भारतीय कापडाच्या आयातीला मुभा नव्हतीच. तो पलंग आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

१८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं आणि जमीनदारांना जमिनीतून मिळणारा खंड (भाडं) आटला. १८९४ मध्ये वारसा कर वाढला, मग दोन महायुद्धं झाली. शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या. कित्येकांचं लाकूडकाम आणि शेकोट्या अमेरिकेत विकल्या गेल्या.

याच पडझडीच्या काळात व्हर्जिनियात जन्मलेल्या नॅन्सी लँकेस्टर यांनी १९३० च्या दशकात डिचली पार्क हे इंग्लंडमधलं आपलं घर सजवलं: ऊब, सोयीची न्हाणीघरं, पिढ्यान्‌पिढ्या साठत गेल्यासारखं बेमेळ सामान. पुढे कोलफॅक्स अँड फाउलर या गृहसजावटीच्या पेढीत त्या आणि जॉन फाउलर यांनी हेच रूप घडवलं. साठीच्या दशकात फाउलर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या जुन्या वास्तूंचेही सल्लागार झाले. सतराव्या शतकातल्या सडबरी हॉलच्या जिन्याचं दालन १९७० च्या सुमारास पिवळं झालं, ते त्यांच्याच पसंतीने.