रावेरचे केळे आणि समांतर विश्वे

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या रहस्यकथांमध्ये समांतर विश्वांची कल्पना आता इतकी रुळली आहे की तिची वेगळी ओळख करून देण्याची गरज उरलेली नाही. नायिका एखाद्या दारातून, आरशातून किंवा यंत्रातून पलीकडे जाते, तिथे हुबेहूब तिच्यासारखी दुसरी मुलगी तिला भेटते आणि परतीची वाट दोघींपैकी एकीलाच मोकळी असते. अशा कथानकातील उत्कंठेला माझा आक्षेप नाही. परंतु ज्या भौतिकशास्त्राच्या नावाने ही दारे उघडली जातात, त्या शास्त्रात अशा दारांना जवळजवळ जागाच नाही; आणि ती का नाही, याचे कारण कोणत्याही गुप्त दारापेक्षा अधिक रहस्यमय आहे, असे मला मनापासून वाटते. अशी एखादी कादंबरी खानदेशात घडली, तर तिच्यातील विज्ञान कसे असावे, याचा विचार येथे करायचा आहे.

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. ‘समांतर विश्व’ या एकाच नावाखाली परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या दोन कल्पना वावरतात. पहिली विश्वरचनाशास्त्रातील आहे. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे, आणि विस्तार लक्षात घेता आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाची त्रिज्या सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षे भरते. त्यापलीकडेही अवकाश आहे. ते जर खरोखर अनंत असेल आणि सर्वत्र साधारण सारखेच भरलेले असेल, तर मर्यादित जागेत कणांच्या मांडणीचे प्रकारही मर्यादितच असल्यामुळे कुठे ना कुठे प्रत्येक मांडणीची पुनरावृत्ती होणारच. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००३ मध्ये मांडलेल्या ढोबळ अंदाजानुसार, आपली सर्वांत जवळची प्रतिकृती शोधायला जितके मीटर जावे लागेल तो आकडा लिहिण्यासाठी एकावर इतकी शून्ये द्यावी लागतील की त्या शून्यांची संख्याच १० चा २८ वा घात असेल. इतक्या अंतरावरच्या मुलीशी कथेतील नायिकेची गाठ पडणे शक्य नाही.

या अनंतात आणखी एक अडचण आहे, आणि तिचा विचार करताना मला चाळीसगावजवळच्या पाटणादेवीची आठवण होते. तेथील १२०७ सालच्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले आणि प्रलयकाळी वा सृष्टीच्या वेळी जीव आत गेले किंवा बाहेर आले तरी अनंत अच्युतात जसा फरक पडत नाही, तसा या राशीत काही मिळवल्याने वा वजा केल्याने पडत नाही, असे सांगितले. अनंत विश्वांच्या गणिताची नेमकी हीच पंचाईत आहे. नायिका जिवंत राहिलेल्या प्रतिकृती अनंत, दगावलेल्याही अनंत; मग ‘बहुतेक ठिकाणी ती वाचली’ या वाक्याला अर्थ कोणता द्यायचा? आजही विश्वरचनाशास्त्रज्ञ या प्रश्नाशी झगडत आहेत.

दुसरी कल्पना क्वांटम सिद्धांतातून येते, आणि कादंबरीकाराच्या खऱ्या उपयोगाची तीच आहे, कारण ती विश्वे दूर नसतात. तिच्यासाठी लागणारी सामग्री रावेर-यावलच्या प्रत्येक बागेत आहे. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण ४५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निसर्गातील पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंपैकी एखादा अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचा असतो. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्म्या अणूंचा ऱ्हास व्हायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षांचा आहे. तरीही एका केळ्यातील अशा अणूंची संख्या इतकी प्रचंड असते की दर सेकंदाला सरासरी १४ अणुकेंद्रांचा ऱ्हास होतो. बहुतेकांचे कॅल्शियम होते, उरलेल्यांचे अरगॉन. यात भिण्यासारखे काही नाही. प्रौढ माणसाच्या स्वतःच्या शरीरात असे चार हजारांहून अधिक ऱ्हास दर सेकंदाला होतच असतात, आणि शरीर पोटॅशियमचे प्रमाण ठरावीक राखत असल्यामुळे केळी खाल्ल्याने ते साठत जात नाही.

महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. टिश्यू कल्चरने तयार केलेल्या ग्रँड नैन जातीच्या रोपांचा जनुकीय वारसा एकच असतो, तरी शेजारच्या दोन केळींचे घड सारखे भरत नाहीत, आणि त्याचे कारण मातीत, पाण्यात किंवा उन्हात शोधता येते. पोटॅशियम-४० च्या दोन अणुकेंद्रांबाबत असे कोणतेही कारण सापडत नाही. एकाचा या क्षणी ऱ्हास होतो, दुसरे अब्जावधी वर्षे तसेच राहते. आणि त्या दोघांत आधी कोणताही फरक असल्याचे सिद्धांत सांगत नाही. क्वांटम सिद्धांताचा पाया असलेल्या श्रोडिंगरच्या समीकरणात फक्त एक तरंगफल, म्हणजे सर्व शक्यता एकत्र मांडणारी गणिती राशी, असते, आणि त्यात ‘ऱ्हास झाला’ व ‘ऱ्हास झाला नाही’ हे दोन्ही भाग एकत्र नांदतात. शोधक यंत्राने टिकटिक केली की नाही हे पाहिल्यावर मात्र आपल्याला एकच उत्तर मिळते. मग दुसरा भाग जातो कुठे?

रूढ उत्तर असे होते की निरीक्षण करताच दुसरा भाग नाहीसा होतो. प्रिन्स्टन विद्यापीठात जॉन व्हीलर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करणाऱ्या ह्यू एव्हरेट या तरुणाने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात त्याहून साधे आणि म्हणूनच अधिक धक्कादायक उत्तर दिले: तो कुठेही जात नाही. समीकरणात ‘नाहीसे होणे’ लिहिलेलेच नाही, तर ते बाहेरून आणू नये. यंत्र आणि यंत्राकडे पाहणारा माणूस हेही कणांचेच बनलेले असल्यामुळे तेही त्या तरंगफलात सामील होतात, आणि टिकटिक ऐकलेला निरीक्षक व न ऐकलेला निरीक्षक हे दोघेही त्यात राहतात. १९५९ मध्ये एव्हरेट कोपनहेगनला जाऊन रूढ उत्तराचे पुरस्कर्ते नील्स बोर यांना भेटला, पण तिथे त्याच्या मांडणीचे स्वागत झाले नाही. तोवर त्याने विद्यापीठीय संशोधन सोडून अमेरिकेच्या संरक्षण खात्यात शस्त्रास्त्रविषयक गणिती काम स्वीकारलेही होते. १९७० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ब्राइस डीविट यांच्या लेखामुळे ही मांडणी सर्वदूर पोहोचली, आणि १९८२ मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी एव्हरेटचे निधन झाले. इतक्या मोठ्या कल्पनेच्या वाट्याला इतकी वर्षे उपेक्षा यावी, याची मला आजही खंत वाटते.

आता कथेकडे वळू. समजा, रावेरच्या एका केळी बागायतदाराच्या सोळा वर्षांच्या मुलीचा भाऊ बेपत्ता झाला आहे. माग भुसावळपर्यंत लागतो आणि तिथून दोन दिशांना जातो, एक मुंबईकडे, दुसरा नागपूरकडे. नायिका केळ्याशेजारी संवेदनशील शोधक यंत्र ठेवते आणि ठरवते की पुढच्या ०.०५ सेकंदात ऱ्हासाची नोंद झाली तर मुंबईची गाडी पकडायची, नाही तर नागपूरची. यंत्र प्रत्येक ऱ्हास टिपू शकते असे मानले, तर दोन्ही शक्यता जवळजवळ समसमान आहेत. एव्हरेटच्या मते जंक्शनवरून दोन्ही गाड्यांतून ती निघते.

यंत्राची गरज इथे हौसेपुरती नाही. अनेक कथांमध्ये ‘प्रत्येक निर्णयागणिक नवे विश्व जन्मते’ असे सांगितले जाते. एव्हरेटने तसे म्हटलेले नाही. विश्वाच्या शाखा क्वांटम घटनांमुळे फुटतात, मनाच्या चलबिचलीमुळे नव्हे. भावाच्या काळजीने विचारपूर्वक घेतलेला निर्णय मेंदूतील असंख्य अणूंच्या सामूहिक वर्तनातून येतो, आणि तो बहुतेक साऱ्या शाखांत एकच असू शकतो. कुमारवयीन वाचकासाठी हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण ‘मी वाईट वागलो, तरी दुसऱ्या कुठल्या विश्वात चांगला वागलोच असेन’ ही पळवाट तो बंद करतो.

दोन नायिका एकमेकींना भेटू का शकत नाहीत? याचे पहिले कारण श्रोडिंगरच्या समीकरणाची रेषीयता. तरंगफलाचे दोन भाग केले तर प्रत्येक भाग दुसरा अस्तित्वातच नसल्याप्रमाणे पुढे सरकतो. मुंबईच्या गाडीतील घटनांचे गणित करताना नागपूरच्या गाडीतील एकही आकडा त्यात येत नाही. भाग एकमेकांवर पडून परिणाम दाखवतात ते फक्त व्यतिकरणात, म्हणजे तरंग एकमेकांत मिसळून पट्टे उमटतात तेव्हा, आणि त्यासाठी दोन्ही वाटा अखेरीस तंतोतंत एकाच स्थितीला येऊन मिळाव्या लागतात. १९९९ मध्ये व्हिएन्ना येथील प्रयोगात ६० कार्बन अणूंच्या रेणूंनी असे व्यतिकरण दाखवले. २०१९ पर्यंत तिथे सुमारे २००० अणूंच्या रेणूंपर्यंत मजल गेली. तिथल्याच आणखी एका प्रयोगात निर्वात कक्षात थोडा थोडा वायू सोडला असता, वायू वाढेल तसे पट्टे पुसट होत गेले, कारण आदळणारा प्रत्येक वायुरेणू ‘कोणती वाट’ याची खूण सोबत घेऊन जातो. या पुसट होण्याला डीकोहिरन्स म्हणतात, आणि १९७० मध्ये डीटर झे यांनी त्याचा पाया घातला. हे दुसरे कारण. साध्या हवेतील धुळीचा कणही सेकंदाच्या अब्जांशाहून कितीतरी कमी वेळात अशी खूण मागे सोडतो. मग डब्याच्या खिडकीत बसलेल्या मुलीवरून परावर्तित झालेला प्रत्येक प्रकाशकण आणि तिच्या श्वासातील प्रत्येक रेणू परत जागेवर आणून दोन शाखा जुळवायच्या, हे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातले नाही.

तरीही लेखकाला एक बारीक फट हवी असेल, तर भौतिकशास्त्रानेच ती सुचवली आहे. १९८९ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग यांनी क्वांटम सिद्धांतात किंचित अरेषीयता घालून पाहिली. तिच्यामुळे प्रकाशापेक्षा वेगाने संदेश जाण्याची आपत्ती ओढवते असे आढळले. आणि १९९१ मध्ये जोसेफ पोल्चिन्स्की यांनी दाखवले की ती आपत्ती टाळू गेल्यास वेगवेगळ्या शाखांमध्ये संवाद शक्य होतो. या काल्पनिक साधनाला त्यांनी ‘एव्हरेट फोन’ असे नाव दिले. अशी अरेषीयता आहे का, हे अमेरिकेतील बोल्डर येथील प्रयोगशाळेत बेरिलियमच्या आयनांवर अत्यंत बारकाईने तपासले गेले, आणि ती सापडली नाही. परंतु मुंबईच्या गाडीतील मुलीच्या हाती नागपूरच्या गाडीतील मुलीचा एखादा शब्द लागावा, इतकीच सवलत घेणारी कादंबरी प्रामाणिक राहील. दारापेक्षा त्या एका शब्दात अधिक थरार आहे.

एव्हरेटचे म्हणणे खरेच आहे, असा याचा अर्थ नाही. सर्व शक्यता घडतच असतील, तर ‘संभाव्यता निम्मी’ या विधानाला अर्थ काय, यावर आजही तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि दिलेली उत्तरे मला पुरेशी वाटत नाहीत. मात्र ‘हे कधी तपासताच येणार नाही’ हा नेहमीचा आक्षेप तितकासा बरोबर नाही. १९८६ मध्ये गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी, व नंतर रॉजर पेनरोझ यांनी वेगळ्या मार्गाने, असे सुचवले की वस्तू पुरेशी मोठी झाली की तरंगफल आपोआप एका बाजूला कोसळते. पेनरोझ यांच्या मते त्यामागे गुरुत्वाकर्षण आहे. असे कोसळणे होत असेल, तर त्यातून अतिशय क्षीण किरणे बाहेर पडावीत असे काही मांडण्या सांगतात. इटलीतील ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत जर्मेनियमच्या शोधक यंत्राने ही किरणे शोधली गेली, आणि २०२० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार गुरुत्वाकर्षणाच्या कल्पनेचे सर्वांत साधे रूप बाद ठरले. इतर रूपे अद्याप टिकून आहेत. रेणू अधिकाधिक जड करत नेताना एखाद्या वजनापाशी, वायू नसतानाही, पट्टे दिसेनासे झाले, तर एव्हरेटच्या शाखा त्या दिवशी संपतील आणि भुसावळहून एकच गाडी सुटली होती असे म्हणावे लागेल. २००० अणूंपर्यंत तसे झालेले नाही.