४४ किलोंच्या माणसाला मीडियम गादी पण कडक का लागते

गादीच्या दुकानात सगळ्यात निरुपयोगी प्रश्न कुठला, तर "ही कडक आहे की मऊ?" कारण कोणासाठी ते ठरल्याशिवाय ह्याला उत्तरच नाही. ८५ किलोंच्या माणसाने पाठीवर पडून बघितलं आणि "वा, मस्त मऊ आहे" म्हणाला, तीच गादी ४४ किलोंच्या, कुशीवर झोपणाऱ्या, खुबा आणि खांदा आधीच दुखत असलेल्या बाईला रात्री दोन वाजता उठवून बसवते. घरचे म्हणतात नखरे आहेत. नखरे वगैरे काही नाही, दोघांच्या अंगाखाली तो फोम खरंच वेगवेगळा वागतो.

आधी दाबाचं बघू. शाळेतलंच आहे, बळ भागिले क्षेत्रफळ. पाठीवर झोपलं की वजन पाठ, कुल्ले, पोटऱ्या असं पसरतं. कुशीवर वळलं की टेकायची जागा अरुंद होते आणि बराचसा भार दोनच ठिकाणी येतो, एक खालचा खांदा आणि दुसरं खुब्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला टणक लागतं ते मांडीच्या हाडाचं वरचं टोक. समजा खुब्याखाली १५ किलो भार आला आणि तो कडक जागेवर तळहाताएवढ्या भागावर, म्हणजे साधारण १०० चौरस सेंटिमीटरवर टेकला, तर दाब होतो पाऱ्याचे ११० मिलिमीटर, आपण बीपी मोजतो त्याच मापात. तेच हाड गादीत थोडं खाली उतरलं, आजूबाजूची मांडी आणि कुल्ला पण टेकले आणि जागा ४०० चौरस सेंटिमीटर झाली, तर तोच दाब २८ वर येतो. आकडे मी हिशोबाला सोपे पडावेत म्हणून घेतलेत, प्रत्येकाचे वेगळे येतील, पण फरक केवढा पडतो ते बघा. १९३० मध्ये लँडिस नावाच्या शास्त्रज्ञाने नखाच्या कडेला असतात त्या केशवाहिन्यांत अतिबारीक काचेची नळी घालून आतला दाब मोजला होता, आणि ३२ मिलिमीटर हा आकडा तिथून निघून बेडसोअरवरच्या, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांवरच्या लिखाणात जाऊन बसला तो अजून आहे. ३२ ओलांडलं की रक्त अडून लगेच काही बिघडतं असं समजू नका, धडधाकट माणूस झोपेत कूस बदलत राहतो. पण दाब जास्त असला की सारखी कूस बदलावी लागते, झोप तुटते, आणि तुटक झोप झाली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं.

इथे बारीक लोक म्हणतात, आमचं वजनच कमी, मग दाब पण कमीच ना? अहो पण हाडावरचं मांस आणि चरबीचं अस्तर पण तेवढंच कमी असतं ना. शिवाय खरी गोम फोममध्ये आहे.

फोम कसा बनतो ते आपल्या बडोदेकरांना तसं जवळचं प्रकरण आहे, कारण मऊ पीयू (पॉलियुरेथेन) फोमला लागणारं टीडीआय नावाचं रसायन जीएनएफसी ही कंपनी इथेच भरूच आणि दहेजला बनवते. टीडीआय, पॉलिऑल नावाचं दुसरं रसायन आणि थोडं पाणी एकत्र आलं की पाण्याची टीडीआयशी प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ढोकळ्यात सोडा टाकल्यावर होतं तसं सगळं मिश्रण जाळीदार फुगून येतं. नंतर ते घट्ट होतं आणि उरतो लाखो बारीक काड्यांचा सांगाडा, प्रत्येक पोकळीच्या कडेला काड्या आणि मधे हवा.

ह्या काड्यांवर वजन टाकायला लागलं की तीन टप्पे येतात. पहिल्या टप्प्यात काड्या नुसत्या थोड्या वाकतात, फोम चांगलाच विरोध करतो, जितकं दाबाल तितकं तो उलटं ढकलतो. मग एका ठराविक दाबाला काड्या एकदम मुडपतात, आणि तिथून पुढे दाब फारसा न वाढता फोम भराभर खाली जातो, आपण ज्याला "गादीने अंग घेतलं" म्हणतो ते हेच. शेवटी काड्या एकमेकींवर टेकतात, जागा संपते आणि पुन्हा कडक लागायला लागतं. आता ८५ किलोंचा माणूस मीडियम फोमवर सहज दुसऱ्या टप्प्यात पोचतो. ४४ किलोंची बाई कदाचित पहिल्याच टप्प्यात अडकून राहते, काड्या मुडपतच नाहीत, खांदा-खुबा वरच राहतात आणि कंबर मधे अधांतरी. म्हणजे गादीवर छापलेलं "मीडियम" तिच्यासाठी कडकच झालं, आणि तिचं "मीडियम" दुकानदार ज्याला सॉफ्ट म्हणतो त्यात सापडणार. माझं सगळं म्हणणं इथेच आहे, बाकी तपशील.

फोम किती मऊ ते मोजायची पद्धत आहे, आठ इंच व्यासाची गोल तबकडी फोमवर ठेवून जाडीच्या २५ टक्के खाली दाबायला किती जोर लागतो ते बघतात. साधारण १० किलोंच्या आत लागला तर मऊ, १५-१६ च्या पुढे गेला तर कडक धरायला हरकत नाही. पण हा आकडा दुकानात विचारलात तर बहुतेक वेळा समोरचा तुमच्याकडे बघत राहील, आणि त्याऐवजी सांगेल "३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी". डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरमध्ये किती किलो माल आहे ते. त्याने गादी किती वर्षं बसणार नाही ह्याचा अंदाज येतो, मऊ-कडकचा नाही. ४० डेन्सिटीचा फोम मऊ पण बनवता येतो आणि कडक पण. जास्त डेन्सिटी म्हणजे जास्त कडक हे डोक्यातून काढून टाका, आणि बारीक माणसासाठी उलट चांगल्या डेन्सिटीचाच पण मऊ फोम शोधा, कारण हलक्या डेन्सिटीचा मऊ फोम लवकर खड्डा पडून बसतो. रीबॉन्डेड म्हणून विकतात तो फोमच्या तुकड्यांचा लगदा दाबून केलेला असतो, वजनदार आणि चांगलाच कडक, तो तळाला असू दे, वरच्या थरात नको.

"ऑर्थोपेडिक" बद्दल पण बोलायला हवं. आमची दांडिया बाजारातली मावशी खुबा दुखतो म्हणून गादी घ्यायला गेली तर दुकानदार म्हणे "बेन, आ ऑर्थो छे, कमर माटे बेस्ट" आणि काथ्याची चार इंची गादी घरी आली. काथ्या म्हणजे नारळाच्या तंतूंवर रबर मारलेला, त्यावर ती कुशीवर झोपली की सकाळी खुब्याची बाजू हात लावू द्यायची नाही. "ऑर्थो" ह्या शब्दाने ती गादी तुमच्या वजनाला आणि तुमच्या दुखण्याला जमेल का हे काहीच कळत नाही. कडक गादी पाठीला चांगली ही समजूत मात्र पिढ्यानपिढ्या चालत आलीय, आणि ती तपासून बघितलेली आहे. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांना ९० दिवस गाद्या देऊन पाहिलं, काहींना कडक, काहींना मध्यम. युरोपातली जी मोजपट्टी आहे, १ म्हणजे सगळ्यात कडक आणि १० म्हणजे सगळ्यात मऊ, त्यावर कडक गादी २.३ ला होती आणि मध्यम ५.६ ला. २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आले, मध्यमवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. तेही कंबरदुखीवाले होते. खुबा आणि खांद्यावर भार घेऊन झोपणाऱ्या हलक्या माणसाने तर कडकच्या वाटेलाच जाऊ नये असं मला वाटतं.

मग अगदी लोण्यासारखी मऊ घ्यायची का, तर तसंही नाही. खुबा जास्त बुडाला की कणा मधे वाकतो आणि कंबर बोलायला लागते. वरचे दोन-तीन इंच मऊ आणि खाली भक्कम आधार, अशी रचना जमते, आणि हलक्या माणसाचा बहुतेक सगळा खेळ त्या वरच्या थरातच होतो कारण तो खालपर्यंत पोचतच नाही.

त्या थरात काय असावं? मेमरी फोमचं नाव सगळे घेतात. १९६६ मध्ये नासाच्या कामासाठी, विमानातल्या सीटसाठी, चार्ल्स योस्ट नावाच्या इंजिनियरने तो बनवला. तो उबेने मऊ होतो आणि थंडीत आखडतो, हीच त्याची खासियत आणि हीच अडचण. बडोद्यात मे महिन्यात दुपारी पंख्याखाली तो पार मेण होतो, आणि तुम्ही एसी २० वर ठेवून झोपलात किंवा जानेवारीची रात्र असली की झोपल्या झोपल्या पाटासारखा लागतो. जाड माणसाचं वजन त्याला तरी दाबतं, बारीक माणसाला अंगाच्या उबेने तो सैल होईपर्यंत थांबावं लागतं. लॅटेक्सवर, म्हणजे रबराच्या फोमवर, तापमानाचा एवढा परिणाम होत नाही, तो लगेच दबतो आणि लगेच वर येतो, भोकं असल्यामुळे पावसाळ्यात त्यातल्या त्यात हवा खेळते. महाग असतो आणि भयंकर जड, चादर बदलताना कळतं. पण बजेट असेल तर हलक्या, कुशीवर झोपणाऱ्या माणसाला मी मऊ लॅटेक्सच सुचवेन. कापसाची गादी नवीन पिंजलेली असताना छान असते हो, पण तंतूंमधली हवा निघून गेली की तीच गठ्ठा होते, आणि पिंजाऱ्याकडे दरवर्षी कोण नेतंय आता.

दुकानात गेल्यावर बसून हाताने दाबून बघू नका, हाताचा पंजा म्हणजे खुबा नाही. चप्पल काढा, आपल्या नेहमीच्या कुशीवर आडवे व्हा आणि दहा-पंधरा मिनिटं पडून राहा, लाजायचं नाही. बरोबर आलेल्या माणसाला पाठीमागून बघायला सांगा, मानेपासून माकडहाडापर्यंत रेष साधारण सरळ दिसली पाहिजे. कंबरेखालून हात सहज आरपार जात असेल तर गादी तुम्हाला कडक आहे. एक गोष्ट कोणी सांगत नाही, शोरूममधल्या गादीवर प्लास्टिक ताणून घातलेलं असतं त्याने मऊ गादी पण कडक लागते, कारण ताणलेलं आवरण खुब्याला एका जागी खाली जाऊच देत नाही. घरी तोच प्रकार वॉटरप्रूफ कव्हर आणि घट्ट खोचलेल्या चादरीने होतो. मावशीकडे कव्हर काढून सैल सुती चादर घातली तर तेवढ्यानेच फरक पडला, आणि त्याला एक रुपया लागला नाही.

नवीन गादी घ्यायच्या आधी आहे त्याच गादीवर दोन जाड गोधड्या किंवा रजई टाकून आठवडाभर झोपून बघा. बरं वाटलं तर पूर्ण गादीची गरजच नाही, दोन इंची मऊ टॉपर, म्हणजे गादीवर टाकायचा जादा थर, पुरेल. गुडघ्यांमध्ये उशी घ्या, कारण वरचा पाय पुढे घसरून खाली पडला की खुब्याच्या बाहेरचे स्नायूबंध हाडावर ताणले जातात, आणि चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत खुब्याच्या बाहेरच्या बाजूला जे दुखतं त्यात बऱ्याचदा हेच कारण असतं. डोक्याखालची उशी खांदा आणि कान ह्यातलं अंतर भरेल एवढी हवी. पण गादी मऊ केली की खांदा खाली जातो, म्हणजे जुनी उशी आता उंच पडणार आणि मान दुखायला लागेल, मग लोक शिव्या गादीला देतात.

रात्री कुठल्याही कुशीवर दुखणं थांबत नसेल, वजन उगाच उतरत असेल, ताप येत असेल, पायात बधिरपणा किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर गादीचं दुकान राहू दे, डॉक्टर गाठा. लघवीचं तर त्याच दिवशी. डायबेटिस असेल आणि खांदा हळूहळू आखडत चालला असेल तर तेही दाखवा.

डबलबेडचा प्रश्न उरतोच. नवरा ८५, बायको ४४ आणि गादी एकच, ह्यात कोणीतरी एकजण सोसतोय हे ठरलेलं. ७२ बाय ३६ च्या दोन सिंगल घ्या, उंची सारखी आणि मऊपणा वेगळा, दोन्हींवर एक मोठी सैल चादर. मधली फट अगदीच खुपत असेल तर तिथे जुनी साडी घडी करून घालता येते. आणि दोन गाद्या घ्यायचं जमत नसेल तर टॉपर अर्ध्याच बाजूला टाका, तिच्या.