रिपोर्टवरचा सहा आकडी नंबर

जनुकीय तपासणीच्या रिपोर्टवर आजाराच्या नावाशेजारी बरेचदा एक सहा आकडी नंबर छापलेला असतो. मार्फान सिंड्रोम, १५४७००. हिमोफिलिया ए, ३०६७००. वाचणाऱ्याला वाटतं, लॅबचा काहीतरी हिशोब असेल. खरं तर हा नंबर अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात बसून एका डॉक्टरनं सुरू केलेल्या आनुवंशिक आजारांच्या यादीतला आहे. त्यांचं नाव व्हिक्टर मॅक्युसिक.

जुन्या नंबरांचा पहिला आकडा बोलका असतो. १ म्हणजे आई किंवा वडील, एकाकडूनच बिघडलेलं जनुक आलं तरी आजार होतो. २ म्हणजे दोघांकडूनही यावं लागतं. ३ म्हणजे बिघाड एक्स गुणसूत्रावर आहे. १९९४ च्या मे महिन्यानंतर मात्र पहिल्या दोन प्रकारांच्या नव्या नोंदी सरसकट ६ ने सुरू होऊ लागल्या आणि ती गंमत थोडी गेली.

मॅक्युसिक यांचा जन्म १९२१ चा, अमेरिकेच्या मेन राज्यातल्या खेड्यातला. जुळ्यांपैकी एक, दुसरे व्हिन्सेंट पुढे त्याच राज्याचे सरन्यायाधीश झाले. शाळकरी वयात व्हिक्टरना जंतुसंसर्गाचं चिवट दुखणं झालं, ते तेव्हा नव्यानंच आलेल्या सल्फा औषधानं बरं झालं आणि मुलगा डॉक्टरकीकडे वळला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते झाले हृदयरोगतज्ज्ञ. मार्फानच्या रुग्णांची महाधमनी फुगते, डोळ्यातलं भिंग सरकतं, हातपाय लांबसडक असतात. या तीन तक्रारी तीन वेगळ्या डॉक्टरांकडे जात. शरीर बांधून ठेवणाऱ्या संयोजी ऊतीतला एकच बिघाड या सगळ्यामागे असणार, असं त्यांनी मांडलं. १९५७ मध्ये तिथेच त्यांनी वैद्यकीय आनुवंशिकीचा विभाग उभा केला. चालतं हृदयरोगाचं काम सोडून हे काय, असं सहकाऱ्यांना वाटलं असेल तर नवल नाही.

मग आमिश लोक. पेनसिल्व्हेनियात राहणारा, मोटार आणि वीज टाळणारा हा समाज लग्नं आपापसातच करतो आणि वंशावळी काटेकोर जपतो. आनुवंशिकीच्या अभ्यासकाला आणखी काय हवं! लँकेस्टर परगण्यात मॅक्युसिकना ठेंगणी, हाताला सहा बोटं असलेली मुलं भेटत गेली. हा एलिस-व्हॅन क्रेव्हेल्ड नावाचा, एरवी अतिशय दुर्मीळ आजार. वंशावळी मागे मागे नेल्यावर सगळे धागे १७४४ मध्ये तिथे आलेल्या सॅम्युएल किंग आणि त्यांच्या पत्नीपाशी जुळले. दोघांपैकी एकाकडे ते जनुक लपलेलं होतं, आणि पिढ्यांनंतर दूरच्या भावंडांच्या लग्नातून ते दोन्ही बाजूंनी एकत्र आलं.

संशोधकाचं वजन आज एच-निर्देशांकानं मोजतात. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये तो सुचवला. तुमच्या ४० लेखांना प्रत्येकी किमान ४० वेळा कुणी संदर्भ म्हणून वापरलं असेल, तर निर्देशांक ४०. हिशोब सोपा आहे, आणि म्हणूनच नेमणुकांच्या वेळी सोयीचाही. पण मॅक्युसिक यांचं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं काम या चाळणीतून अलगद खाली पडतं. ते लेखात नाहीच, ते यादीत आहे. १९६६ मध्ये ती पुस्तकरूपात आली तेव्हा सुमारे दीड हजार नोंदी होत्या, आणि तिची जुळणी त्या काळीच संगणकावर केलेली होती. १९९८ पर्यंत बारा आवृत्त्या निघाल्या. मधल्या काळात, १९८७ पासून, ती ऑनलाइनही आली; आता नोंदी पंचवीस हजारांच्या पुढे आहेत. एखादं काम इतकं अंगवळणी पडतं की त्याच्या कर्त्याचा उल्लेख करायचं कुणाला सुचतच नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हा प्रकार फार पूर्वीच नोंदवला होता. रिपोर्टवर १५४७०० टाइप करणारा तंत्रज्ञ मॅक्युसिकचा संदर्भ देत नाही. द्यायचा तरी कुठल्या रकान्यात?

मानसन्मान मिळाले: १९९७ चा लास्कर, २००८ चा जपान पुरस्कार. त्याच वर्षी जुलैत ते गेले.

यादी मात्र दुसऱ्यांचं श्रेय चोख ठेवते. 'बॉम्बे' या दुर्मीळ रक्तगटाची नोंद उघडली की संदर्भात १९५२ चा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला लेख सापडतो, आणि लेखकांत पहिलं नाव मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे यांचं.