पार्श्वभूमी : खानदेशातलं थांबून पाहणं

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, ही खानदेशातली देवी, घरात बसते. आमच्याकडे आजी मात्र चार-पाच दिवस आधीच रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू निवडायला घ्यायची. मांडीवर सूप, बोटानं एकेक दाणा पुढे सरकवायचा. मध्येच एखादा दाणा तळहातावर घेऊन दाराच्या उजेडात धरायची आणि म्हणायची, "देख बेटा, कसा टपोरा दाना शे." तेवढा वेळ घरात कुणी तिला घाई करत नसे. रोटाचं काम म्हणजे देवीचं काम.

दाणा उजेडात धरणं हीसुद्धा उपासनाच, असं मी आज म्हणतो ते उगाच नाही. या मातीत त्याला मोठी परंपरा आहे. मुक्ताईची पालखी तापीकाठच्या मुक्ताईनगरहून निघते आणि सुमारे महिनाभर पायी चालत पंढरपूरला पोहोचते. रान, नदी, पाऊस पायाखालून आणि डोळ्यांसमोरून जाऊ देत केलेली ती वारी. पुढे १८९० साली धरणगावात बालकवी ठोंबरे जन्मले. अठ्ठावीस वर्षंही पुरी न मिळालेल्या या माणसानं गवत, झरा, पहाट याच गोष्टी जन्मभर पाहिल्या. १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात ते गेले.

पण या पाहण्याला सर्वांत स्वच्छ शब्द मिळाले ते तुरुंगात. १९३२ साली सत्याग्रहींनी धुळ्याचा तुरुंग भरला होता. विनोबा होते, जमनालाल बजाज होते आणि अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेचा एकेक अध्याय सांगितला, असे अठरा रविवार. साने गुरुजी ते शब्द टिपून घेत होते. ते लिहीत बसले नसते तर 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात नसती.

दहावा अध्याय आला २४ एप्रिलला, ऐन उन्हाळ्यात. 'तुझं चिंतन करायचं तर कोणकोणत्या वस्तूंत करू?' हा अर्जुनाचा तिथला प्रश्न. विनोबांनी त्याचं उत्तर बिगरीच्या वर्गासारखं मांडलं. लहान मुलाला आधी ठळक, सरळ अक्षरं शिकवतात, जोडाक्षरं मागून. तसंच देवाचं. आधी तो आई, गुरू, संत, लहान मुलं यांच्यात पाहावा. मग सूर्य, नदी, वारा, अग्नी. मग गाय, घोडा, मोर, कोकिळा, अगदी कावळासुद्धा. रावण हे जोडाक्षर. तिथला देव वाचता येईल, पण उशिरा. मला या मांडणीचं मोल फार वाटतं, कारण ती पाहण्याला अभ्यासाचा दर्जा देते. भिंतीआड बसलेल्या माणसांना नदी, मोर आठवायला लावणं आणि समोरचा कावळा नीट पाहायला शिकवणं, याहून थेट साधना कोणती?

त्याच काळात जळगावात बहिणाबाई चौधरी शेतात आणि घरोटावर, म्हणजे जात्यावर, गात होत्या. १८८० साली असोद्याला जन्मलेल्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पीठ पडतंय, हात फिरतोय, कान आणि डोळे मोकळे, अशा वेळी सुचलेलं ते गाणं. सुगरणीचा खोपा त्यांनी असा पाहिला, की एरवी रोज त्याच्याखालून जाणारा माणूसही वर मान करून बघू लागला. मला त्यात भक्तीच दिसते. देवाचं नाव प्रत्येक ओळीत नसेल, पण खोप्यापुढे, कोंबापुढे ती बाई नतमस्तक आहे. मुलगा सोपानदेव आणि घरच्या माणसांनी काही गाणी वहीत उतरवून घेतली. बरीचशी वाऱ्यावर गेली असणार, याची हळहळ वाटते. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं कविता छापून आल्या.

घरोटाची जागा गिरणीनं घेतली तेव्हा बायकांचे खांदे सुटले, हे चांगलंच झालं. ते कष्ट परत यावेत असं मी कधी म्हणणार नाही. पण रोटाचे गहू आमच्याकडे अजून हातानंच निवडतात. यंदा वहिनी सूप घेऊन बसली होती, शेजारी तिची पाच वर्षांची लेक. पोरीनं एक दाणा उचलला, दाराकडे धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.