नेच्याचे पाय कुंडीत दिसतात

पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीतल्या झाडांची छाटणी होते. आमच्या विलेपार्ल्यातल्या इमारतीमागे जुना आंबा आहे. त्याच्यावर दोन वर्षांपूर्वी करवत चालली, तेव्हा फांदीबरोबर एक भलंमोठं तपकिरी बोचकं धप्पकन खाली आलं. वाळक्या पापडासारखी कडक पानं एकात एक अडकलेली, आणि आत मांजराच्या शेपटीसारखं काहीतरी जाड नि केसाळ. "बांडगूळ आहे साहेब, झाड खातं," छाटणीवाल्याने निकाल दिला आणि ते टेम्पोत टाकायला उचललं.

बांडगूळ नव्हतं ते. माझी आजी त्याला वांदरबाशिंग म्हणायची. कोकणात आंब्याफणसाच्या खोडांवर आणि माथेरानच्या झाडांवर हा नेचा (फर्न) सहज दिसतो. नवरदेवाच्या कपाळावर बांधतात तसा पानांचा उभा पंखा खोडाला चिकटून असतो, म्हणून बाशिंग. आणि ते मिरवायला वर फक्त वानरंच असतात. खोडाच्या अगदी बुंध्याजवळ उगवलेला दिसला की आजी हमखास म्हणायची, "या आंब्याने गुडघ्याला बाशिंग बांधलंय बघ."

बांडगूळ झाडाच्या सालीत घुसून त्याचा रस पितं. बाशिंग नुसतं साल धरून बसतं. त्याला दोन प्रकारची पानं येतात. एक आखूड, बिनदेठाची. ही लवकरच वाळून तपकिरी होतात, पण गळत नाहीत. खोडाशी त्यांचा खिसा तयार होतो आणि त्यात पालापाचोळा, धूळ, पक्ष्यांची शीट असं काय काय साठतं. म्हणजे हा नेचा स्वतःची कुंडी स्वतःच बांधतो आणि खतही स्वतःच गोळा करतो. दुसरी पानं हिरवी, लांब, खोल कातरलेली. ती पावसात येतात, उन्हाळ्यात त्यांच्या पाकळ्या एकेक करून गळतात आणि मधला दांडा माशाच्या काट्यासारखा उभा राहतो. मे महिन्यात बाशिंग बघणाऱ्याला ते मेलेलंच वाटणार. छाटणीवाल्याला तरी काय बोल लावायचा?

मी ते बोचकं घरी आणलं आणि लगेच पहिली चूक केली. कुंडी घेतली, लाल माती नि शेणखत भरलं आणि ती केसाळ शेपटी आलं लावतात तशी चार बोटं खोल पुरली. जून गेला, जुलैत कुंडीतून कुजट वास यायला लागला. उकरून बघतो तर शेपटीचा बराचसा भाग काळा, हातात धरला तर पिचपिचीत. वीतभर तुकडा घट्ट राहिला होता. तो नारळाच्या सोडणावर सुतळीने बांधला, सोडणाच्या आत थोडा कोळसा नि वीटकर भरली आणि पूर्वेच्या खिडकीत टांगला. आज जे बाशिंग माझ्याकडे आहे ते त्या वीतभर तुकड्याचं.

ती शेपटी म्हणजे मूळ नव्हे, आडवं वाढणारं खोड आहे. त्याला उघड्यावर राहायची सवय. खालून मुळं निघून आधार धरतात, वरून पानं फुटतात, आणि अंगावरचे केसासारखे खवले कोवळ्या टोकाला जपतात. क्रॉफर्ड मार्केटला माशांच्या टाकीसाठी जावा फर्न नावाची वनस्पती मिळते, तीही याच कुळातली. दुकानदार ती दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधून देतो आणि बजावतो, वाळूत पुरू नका, सडेल. मी त्याच्याकडे आधी गेलो असतो तर बरं झालं असतं.

या कुळाचं नावच पायांवरून पडलंय. पॉलिपोडियम म्हणजे ग्रीकमध्ये 'पुष्कळ पाय'. भेंडीबाजारातल्या युनानी औषधांच्या दुकानात बसफाईज मागा, काळपट, गाठीगाठींचे बोटभर तुकडे पुढ्यात येतील. युनानी वैद्यकातलं बसफाईज म्हणजे पॉलिपोडियम व्हल्गॅरे या थंड प्रदेशातल्या नेच्याचं वाळवलेलं खोड. हे नाव फारसीतल्या 'बसपायक'वरून आलं, त्याचाही अर्थ पुष्कळ पाय. त्यातला 'बस' म्हणजे आपला 'बस्स', आणि 'पाय' तर पायच. या खोडात ऑस्लाडिन नावाचं द्रव्य असतं, ते साखरेच्या सुमारे ५०० पट गोड असल्याचं मोजलं गेलंय.

पण वनस्पतिशास्त्राने पायांवरून नाव दिलं आणि नंतर पाय बघायचंच सोडलं.

१७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने नेच्यांच्या वाटण्या केल्या त्या पानाच्या पाठीवरच्या ठिपक्यांवरून. ठिपके रेषेसारखे लांबट असतील तर एक प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट), पानाच्या कडेने ओळीत असतील तर दुसरी, सगळी पाठ माखलेली असेल तर तिसरी. गोल, सुटे ठिपके दिसले की सरळ पॉलिपोडियम. त्या एका पोत्यात आपलं बाशिंग गेलं (पॉलिपोडियम क्वेर्सिफोलियम, म्हणजे ओकच्या पानाचं), अमेरिकेतला सोनेरी खवल्यांचा नेचा गेला आणि आज अगदी वेगळ्या कुळांत बसणारे युरोपातले जंगली नेचेही गेले.

ठिपक्यांवरून आठवलं. आमच्या शेजारच्या काकूंनी नर्सरीतून ब्लू स्टार फर्न आणला. तो या अमेरिकन सोनेरी नेच्याच्याच गोतातला, निळसर पानांचा. सहा महिन्यांनी काकू दार वाजवत आल्या. "अरे, बघ ना, कीड पडलीय. मी दोन पानं टूथब्रशने घासून काढली, तरी बाकीच्यांवर आहेच." पान उलटं केलं. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना नारिंगी-तपकिरी ठिपके, फूटपट्टीने आखल्यासारखे ओळीत. "काकू, ही कीड नाही. झाड वयात आलंय तुमचं," म्हटलं. काकू जरा ओशाळल्या, मग म्हणाल्या, "मग त्या दोन पानांचं आता काय?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खवले कीड ओळखायची खूण सोपी आहे: ती रांगेत बसत नाही, देठावरही असते, नखाने सुटी निघते आणि पान चिकट करते.

त्यातला एक ठिपका साध्या भिंगाखाली धरला तर दिसतो इवल्या इवल्या गोल पिशव्यांचा घोस. प्रत्येक पिशवी म्हणजे बीजाणुधानी; नेच्याला बिया येत नाहीत, पिठासारखे बारीक बीजाणू येतात, ते हिच्यात. तिच्या कण्यावर जाड भिंतींच्या पेशींची एक कमान असते. हवा कोरडी झाली की त्या पेशींतलं पाणी उडतं, कमान आक्रसून मागे ताणली जाते, पिशवी फाटते. ताण इतका वाढतो की पेशींत उरलेल्या पाण्याचा धर सुटून वाफेचा बुडबुडा होतो, आणि कमान गलोलीसारखी सटकन परत येते. बीजाणू हवेत फेकले जातात. दिव्याची उष्णता लागली की भिंगाखालीच ही आतषबाजी सुरू होते. मी एकदा त्यापायी चहा गार करून घेतलाय.

लिनियसचं ते पोतं सोडवणाऱ्यांत एक होता लंडनच्या क्यू बागेतला माळी. जॉन स्मिथ, जन्म १७९८, शिक्षण बेताचं, पण नेच्यांच्या कुंड्या रोज हाताखालून जायच्या. बागेचे संचालक विल्यम हूकर त्या काळचे नेच्यांचे मोठे जाणकार. त्यांचा मुख्य आधार वाळवलेल्या नमुन्यांचा. वाळवलेल्या नमुन्यांची एक अडचण असते. जंगलात फिरणारा माणूस पान तोडतो, कागदात दाबतो नि पुढे जातो. खडकाला चिकटलेलं जाड खोड खरवडून कोण आणणार? त्यामुळे कागदावर पाठ येते, पाय मागे राहतात.

स्मिथला पाय रोज दिसत होते. त्याच्या लक्षात आलं की काही नेच्यांचं पान म्हातारं झालं की खोडावरच्या एका छोट्या खुंटीवरून, सांध्यातून स्वच्छ सुटतं आणि मागे गोल वण राहतो. बाकीच्यांचं पान नुसतं कुजत जातं, देठाचा बुडखा खोडाला तसाच चिकटून राहतो. या एका फरकावर त्याने नेच्यांचे दोन मोठे गट पाडले. १८४१ साली त्याने बाशिंगासाठी ड्रायनारिया आणि सोनेरी नेच्यासाठी फ्लेबोडियम या प्रजाती वेगळ्या मांडल्या. हूकर मंडळींना एवढी फाटाफूट पसंत नव्हती, आणि पुस्तकं लिहिणाऱ्यांपुढे माळ्याचं कितीसं चालणार! पण आज डीएनएवरून मांडलेल्या वंशावळीत बाशिंग आणि सोनेरी नेचा खरोखरच वेगवेगळ्या फांद्यांवर बसतात. सांधा असलेल्या पानांची खूण याच कुळात विशेष करून आढळते. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या एका कुळात ६५ प्रजाती आणि सुमारे १,६५० जाती मोजल्यात. हरणाच्या शिंगांसारखा दिसणारा, दिवाणखान्यात फळीवर टांगतात तो स्टॅगहॉर्नही त्यातलाच.

मुंबईत नेच्यांच्या अभ्यासाचं काम झालं ते धोबी तलावाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले जेझुइट पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी डाल्मेडा यांनी १९२२ मध्ये मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर पुस्तक काढलं. ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह अजून त्या महाविद्यालयात आहे. राणीची बागही १८६०च्या दशकात वनस्पतींसाठीच उभी राहिली होती; हल्ली पेंग्विन बघून परतणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

जिवंत कुंडीची खरी कमाल मात्र युरोपातल्या साध्या पॉलिपोडियमच्या बाबतीत दिसली. तिकडे भिंतींवर, दगडांवर उगवणारा हा नेचा शेकडो वर्षं एकच जात समजला जात होता. काही रोपांची पानं रुंद, काहींची अरुंद, एवढंच. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आयरीन मँटन यांनी त्यांची गुणसूत्रं मोजायला घेतली. त्यासाठी कोवळ्या बीजाणुधानी नेमक्या वेळी खुडाव्या लागतात, म्हणजे रोप जिवंत, नजरेसमोर हवं. मोजणीत तीन आकडे आले: ७४, १४८ आणि २२२. ३७ चा पाढाच जणू. एका नावाखाली तीन जाती नांदत होत्या. २२२ वालीला १९६१ मध्ये मॉली शिवास यांनी इंटरजेक्टम, म्हणजे 'मधली', असं नाव दिलं. ७४ वाली आणि १४८ वाली यांच्या संकरातून, गुणसूत्रं दुप्पट होऊन, ती तयार झाली होती. या जाती आपसात अजूनही संकर करतात, पण संततीचे बीजाणू बहुतेक पोचट निघतात. सूक्ष्मदर्शकाखाली सुरकुतलेले दिसले की संकर पकडला जातो. अशा दोन संकरांना मँटन आणि शिवास यांचीच नावं दिलीत.

त्या ७४ वालीचं नाव पॉलिपोडियम कँब्रिकम, म्हणजे वेल्स देशातलं. तिची कहाणी मला सगळ्यात आवडते. १६६८ मध्ये रिचर्ड केस नावाच्या माणसाला वेल्समध्ये दीनस पोविस गावाजवळ एक विचित्र रोप सापडलं. पानं झालरीसारखी कातरलेली, आणि पाठ कोरी. ठिपके येतच नाहीत, म्हणजे बीजाणू नाहीत, वंश नाही. लिनियसने नाव ठेवलं ते याच वांझ रोपावरून. पुढे भूमध्य सागराकाठी उन्हाळ्यात झोपणारा आणि थंडीच्या पावसात उठणारा धडधाकट नेचा सापडला, त्याला ऑस्ट्रेल असं वेगळं नाव मिळालं. दोघे एकच आहेत हे नंतर कळलं, आणि जुन्या नावाचा मान राखायचा या नियमामुळे सगळ्या जातीला त्या वांझ रोपाचं नाव मिळालं. ते रोप आजही बागांमध्ये आहे. साडेतीनशे वर्षं कुणी ना कुणी त्याच्या खोडाचा तुकडा तोडून दुसऱ्याच्या हातावर ठेवत आलंय.

ठिपके येणाऱ्या नेच्यांचा त्रास उलटा. बीजाणू उडतात आणि शेजारच्या कुंडीत पडतात. ओल असेल तर त्यांतून नखाएवढी हिरवी, बदामी आकाराची चकती उगवते, तिच्यावर पाण्याच्या थरात मीलन होतं आणि मग खरा नेचा. तोवर मूळ मालक मेला असेल तर पाहुणा त्याच्या पाटीखाली आरामात राहतो. जुन्या संग्रहांमध्ये चुकीच्या नावाचे नेचे असायचं हे एक नेहमीचं कारण. माझ्याकडेही झालंय. एका स्टॅगहॉर्नच्या जागी काय वाढतंय ते मला कळायला वर्ष लागलं, आणि तो निघाला इमारतीच्या गटारापाशी उगवणारा साधा नेचा. खोडाला धरून पान ओढलं, तर देठ चिवटपणे तुटला, सांधा कुठेच नाही. स्मिथची खूण पार्ल्याच्या गॅलरीतही चालते.

म्हणून चांगल्या वनस्पती उद्यानात पाटीवर नावाआधी क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकापुढे वहीत रोप कुठून, कधी, कशावरून आणलं याची नोंद. नाव काय, बदलतं. माझ्या बाशिंगाचंच बघा: लिनियसचं पॉलिपोडियम, स्मिथचं ड्रायनारिया, आणि अलीकडे काही जण त्याला अ‍ॅग्लॅओमॉर्फामध्ये घालतात.

यंदा उन्हाळ्यात पाकळ्या गळाल्यावर मी पाणी अगदी कमी केलं; झोपलेल्या बाशिंगाला रोज पाणी घातलं की खोड कुजतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सोडणावर दोन गुंडाळलेली टोकं वर आली, खवल्यांनी लपेटलेली. काकू बघून गेल्या. टूथब्रश आणला नव्हता. सोडणाला एक अ‍ॅल्युमिनियमची पट्टी अडकवलीय, त्यावर खिळ्याने कोरलंय: 'क्रमांक १. विलेपार्ले पूर्व, आंबा, पडलेली फांदी, मे.' नाव खाली, पेन्सिलीने.